नऊ खेपा

महाड,
४ फेब्रुवारी १९८३

ती. श्रीपतमामांस,
मंजुळाचा सप्रेम जयभीम.

तुमचे पत्र मिळाले. वाडीला विहीर मिळवून दे, असे तुम्ही लिहिता. ते माझ्या हातात नाही. मी पाणीटंचाई पाहणी कक्षात सांख्यिकी सहाय्यक आहे. माझ्या हातात आकडेमोड आहे, आणि तीही साहेबांनी सही केली तर. तरी नियम कळवते.

पाण्याच्या एका खेपेला, जाऊन येऊन, सरासरी साठ मिनिटांहून जास्त वेळ लागत असेल तर ती वस्ती टंचाईग्रस्त धरतात आणि विहिरीला मंजुरी मिळते. वाडीतल्या सगळ्या बायकांच्या सगळ्या खेपा कोणी मोजू शकत नाही. म्हणून थोड्या मोजायच्या आणि त्यांवरून सगळ्यांबद्दल बोलायचे. थोड्या म्हणजे नऊ. नऊच का, असे मी साहेबांना विचारले होते. फॉर्मवर नऊ ओळी आहेत.

नऊ आकड्यांवर फार विश्वास ठेवता येत नाही, पण मुळीच ठेवता येत नाही असेही नाही. आधी धरून चालायचे की खरी सरासरी साठच आहे. मग नऊ खेपांची सरासरी साठाच्या किती वर गेली ते पाहायचे, आणि ते नऊ आकडे एकमेकांपासून किती विखुरलेले आहेत तेही पाहायचे. फार विखुरलेले असतील तर थोडे वर जाणे हा नुसता योगायोग असू शकतो. योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही इतके वर गेले, तरच 'साठ' खोटे ठरते. ती हद्द छापील तक्त्यात दिलेली असते. नऊ खेपांसाठी ती १.८६ आहे. कळवळ्याला तक्त्यात रकाना नाही.

तुम्ही चौदा घरांच्या चिठ्ठ्या टाकून नऊ काढा. प्रत्येक घरची एक खेप घड्याळाने मोजा आणि आकडे सहीनिशी पाठवा. मी येणार नाही. मामाच्या वाडीची पाहणी भाचीने केली, तर खरे आकडेही खोटे ठरतील.

मामींना जयभीम.
मंजुळा

&nbsp;

वरची वाडी, हेदवणे,
ता. पोलादपूर
१७ फेब्रुवारी १९८३

चि. मंजुळास,
श्रीपतमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझा कागद पोचला, दोनदा वाचला. विखुरलेलं वगैरे काय समजलं नाय, पण मोजायचं काय ते समजलं. बत्तीस वर्षं मुंबईला गिरणीच्या गेटावर टाइमात हजेरी लावलेला माणूस हाय मी.

रविवारी चिठ्ठ्या टाकल्या, नऊ घरं निघाली. मी घड्याळ घेऊन पिंपळाखाली खुर्ची टाकून बसलो. शाळेतली शिट्टी मागून आणली. सगळी वाडी जमली गो! शिट्टी मारली की एक बाई कळशी घेऊन झऱ्याकडं सुटायची, आणि दिसेनाशी होईपर्यंत टाळ्या. तुझी मामी तर दगडावर उभी राहून ओरडत होती, "बने, मान ताठ ठेव, सांडू नको, पण पाय उचल!"

अभिमानानं लिहितो, आपली सून बनू पहिली आली. शेचाळीस मिनिटं, एकदम फर्स्ट क्लास. कळशीतला थेंब हिंदकळला नाय. तिला स्टीलचा डबा बक्षीस दिला. सगळ्यांत मागं जानकीबाई, अठ्ठावन्न. ती म्हणते पायात काटा गेला, माझी पुन्हा घ्या. मी म्हटलं नियम म्हणजे नियम.

आकडे असे: ५२, ४९, ५५, ४७, ५८, ५०, ५३, ४६, ४९. बघ, एकही बाई नापास नाय, सगळ्या साठाच्या आत! आता तरी साहेबाला कळेल आपल्या बायका किती कामाच्या हायत. विहीर कधी देतात ते कळव.

तुझा,
श्रीपतमामा

&nbsp;

महाड,
२४ फेब्रुवारी १९८३

ती. मामांस,
सप्रेम जयभीम.

आकडे मिळाले. सरासरी एक्कावन्न. तक्त्याशी तुलना करायचा आकडा अधिक १.८६च्या वर जायला हवा होता. तो उणे ६.९७ आला. वाडीला विहिरीची गरज नाही, हे तुम्ही नऊ बायकांकडून इतके ठामपणे सिद्ध करून घेतले आहे की साहेबांना स्वतः येऊनही ते जमले नसते.

हे आकडे मी पुढे पाठवलेले नाहीत. आवडले नाहीत म्हणून नव्हे. न आवडलेले आकडे टाकून देणे ही चोरी आहे, आणि ती करायची असती तर नऊ खेपांचा खटाटोप कशाला? कारणे दोन आहेत. पहिले, फॉर्मवर 'उन्हाळी खेप' असे लिहिले आहे. तुम्ही माघात मोजली. ते मी कळवायला हवे होते, चूक माझी. दुसरे कारण शिट्टी. पाण्यावरून उशिरा आलेल्या सुनेला दारात काय ऐकावे लागते ते मला माहीत आहे. जिथे उशीर हीच शिवी आहे तिथे घड्याळ लावून सगळ्या वाडीसमोर बाईला सोडल्यावर ती चालणार नाही, धावणार. आपण खेप मोजली नाही, अब्रू मोजली.

उन्हाळ्यात पुन्हा मोजा. बायकांनी रोज जशा जातात तसेच जावे, एवढेच. आणि बनूचा डबा परत घेऊ नका.

मंजुळा

&nbsp;

वरची वाडी,
२८ मार्च १९८३

चि. मंजुळास आशीर्वाद.

वीस तारखेला, सत्याग्रहाच्या दिवशी, महाडच्या तळ्यावर तू लांबून दिसलीस, पण गर्दीत तुझ्यापर्यंत पोचता आलं नाय. आम्ही वाडीतले अकरा जण आलो होतो. येताना टेम्पो बंद पडला, ते सोड.

मंजुळे, आता मला तुझा डाव बरोबर समजला. विहीर पायजे तर टाइम जास्त लागला पायजे. आधीच सरळ लिहायचं ना! मी बायकांची मीटिंग घेतली. म्हटलं, कुणी घाई करायची नाय. वाटंत सावली दिसली की बसायचं. आठवण निघाली की बोलायचं. त्यांना आधी खरंच वाटेना. बनूनं तर विचारलं, "मामंजी, आत्याबाईंना विचारलंत काय?"

आकडे पाठवतो: १४०, १५५, १२५, १८०, १३५, १६०, १५०, १४५, आणि शेवटची कमळाबाई, ३६५. ती वाटंतल्या वाटंत माहेरी जाऊन जेवून आली. म्हणाली, "भाऊजी, तुम्हीच म्हणालात ना सवडीनं." सरासरी तू काढ, मला भीती वाटते.

आता तर अधिक येईल ना?
श्रीपतमामा

&nbsp;

महाड,
२ एप्रिल १९८३

ती. मामांस,

हेही आकडे मी पाठवणार नाही. धावून आलेली खेप आणि जेवून आलेली खेप, दोन्ही खोट्या. दोन खोट्यांची सरासरी खरी निघत असती, तर माझ्या कार्यालयाचे काम फार चांगले चालले असते. मला डाव नाही, मामा. खेप किती वेळाची आहे ते मला माहीत नाही आणि तेच जाणून घ्यायचे आहे.

आता सांगते तसेच करा. वाडीत कोण कितीला पाण्याला गेली आणि कितीला आली, यावर मामी दारात बसून वर्षानुवर्षे नजर ठेवतात, असे तुम्हीच एकदा लिहिले होते. ती नजर रोजची आहे. तिला कोणी नव्याने घाबरणार नाही आणि नव्याने सोकावणारही नाही. याहून चांगले मोजमापाचे साधन पोलादपूर तालुक्यात नसेल. मामींनी "गेली" आणि "आली" एवढे सांगायचे, तुम्ही आत बसून घड्याळ पाहून लिहायचे. दिवस आणि वेळ चिठ्ठ्या टाकून ठरवा. त्या वेळेनंतर जी पहिली निघेल तिची खेप धरा, मग ती कोणीही असो. तीन आठवड्यांत नऊ खेपा. बायकांना सांगू नका. मामींना सांगा, पण त्यांनी बोलणे बंद करू नये. त्या गप्प बसल्या तर बायकांना संशय येईल.

शेवटचे. या वेळी जे येईल ते मी पाठवणार, साठाच्या खाली आले तरी. चौथ्यांदा मोजणार नाही. हवा तो आकडा येईपर्यंत मोजत राहणे म्हणजे मोजणे नव्हे.

मंजुळा

&nbsp;

वरची वाडी,
२६ एप्रिल १९८३

चि. मंजुळास आशीर्वाद.

सांगितलंस तसंच केलं. एक शब्द इकडचा तिकडं नाय. आकडे: ७१, ६४, ८८, ५८, ६६, ९३, ६२, ५७, ७१. यात साठाच्या आतले दोन हायत. खोडावे असं मनात आलं होतं. खोडले नाय.

तुझी मामी पयल्या दिवशी म्हणाली, "चाळीस वर्षं हे काम मी फुकट केलं, सरकारला आत्ता कळलं व्हय?" पण मंजुळे, नंतर एक गंमत झाली. गंमत कसली म्हणा. त्र्याण्णववाली खेप बनूची. बनू आली, घामानं निथळत, आणि मामीनं सवयीनं सुरू केलं, "कुठं मेली व्हतीस गो, झरा काय मुंबईला गेला?" बनू म्हणाली, "आत्याबाई, झरा पाझरंल तेव्हा वाटीनं भरायचं. माझ्यापुढं पाच कळश्या होत्या." आणि आत गेली. मामी आत येऊन माझ्या खांद्यावरनं वहीत बघत राहिली. तिला वाचता येत नाय. म्हणाली, "सगळ्यांनाच इतका टाइम लागतो काय?" मी म्हटलं, सगळ्यांनाच. म्हणाली, "मग मी हिला इतकी वर्षं कशापायी बोलले?"

तुझ्या तक्त्यात आता काय निघतं ते लवकर कळव. झरा मेअखेर पुरंल असं वाटत नाय.

श्रीपतमामा

&nbsp;

महाड,
३० एप्रिल १९८३

ती. मामांस,
सप्रेम जयभीम.

सरासरी सत्तर. विखुरणे धरून तक्त्याचा आकडा २.३७ आला. हद्द १.८६. साठ खोटे ठरले.

ते दोन आकडे खोडले नाहीत हे बरे केलेत. त्यांच्यासकट सिद्ध झाले आहे. मी तीनदा हिशेब तपासला. एकदा पुरला असता.

अहवाल आज साहेबांच्या टेबलावर ठेवला.

मंजुळा

&nbsp;

पाणीटंचाई पाहणी कक्ष, महाड
दिनांक १६ मे १९८३

प्रति, श्री. श्रीपत, वरची वाडी, मौजे हेदवणे.
विषय: विहीर मंजुरीबाबत.

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, पाहणीसाठी गाव हा घटक असून वाडी हा घटक नाही. मौजे हेदवणे येथील गावठाणातील ६३ घरांस प्रत्येकी १० मिनिटे व वाडीतील १४ घरांस प्रत्येकी ७० मिनिटे लागत असल्याने संपूर्ण गावाची सरासरी खेप २१ मिनिटे येते. सबब गाव टंचाईमुक्त आहे.

तसेच गावठाणातील सार्वजनिक विहीर सर्वांस खुली असून वाडीपासून अकरा मिनिटांच्या उतारावर आहे. वाडीतील महिला स्वेच्छेने दूरच्या झऱ्यावर जातात, असे गृहीत धरण्यात येत आहे. प्रकरण बंद करण्यात येत आहे.

(सही)
कक्ष अधिकारी

&nbsp;

वरची वाडी,
१९ मे १९८३

चि. मंजुळास,

साहेबाच्या कागदाची नक्कल सोबत हाय. स्वेच्छेनं! आमच्या बायका मॉर्निंग वॉकला जातात असं त्याला वाटतं काय? मी चौसष्ट वर्षांचा झालो. त्या विहिरीचं पाणी कुणी वरून ओंजळीत ओतलं तेवढंच प्यालो, तेही लहानपणी. मुंबईला कुणाच्याही नळाला तोंड लावलं. इथं आलो की माझे पाय आपोआप झऱ्याकडं वळतात. आज तो कागद वाचून पयल्यांदा लाज वाटली, आणि ती कुणाची तेच समजंना.

सरपंच हैबती वाटंत भेटला. हसत म्हणाला, "श्रीपत, आपलं गाव टंचाईमुक्त झालं बरं का! पेढे वाटा."

तुझ्या नऊ खेपा वाया गेल्या. झऱ्याला आता दिवसाला वीस कळश्या सुटतात. चौदा घरं. ते गणित तक्त्याशिवाय येतं.

श्रीपतमामा

&nbsp;

हिरकणीवाडी (रायगड पायथा),
२४ मे १९८३

ती. मामांस,
सप्रेम जयभीम.

पत्ता बदलला आहे, तो टिपून ठेवा. मला येथे गडावर जाणाऱ्या प्रवाशांची मोजणी करण्याच्या कामावर नेमले आहे. वाडी गावापासून वेगळी मोजावी, अशी एक पानाची टिपणी मी अहवालाला जोडून दिली होती, तिच्यानंतर आठवड्याने. काम हलके आहे. जितके वर जातात तितके खाली येतात. संध्याकाळी दोन्ही आकडे जुळतात आणि मी सही करते.

साहेबांचा गुणाकार मी तपासला. बरोबर आहे. त्रेसष्ट घरांचे पाणी चौदा घरांच्या घशात सरासरीने ओतले की कोणीच तहानलेले उरत नाही. यावर आपल्याला काही करता येणार नाही.

पण पत्राचा दुसरा परिच्छेद पुन्हा वाचा. "सर्वांस खुली" आणि "स्वेच्छेने" ही दोन विधाने आहेत, आणि ती गृहीत धरली आहेत असे त्यांनीच सही करून लिहिले आहे. गृहीतक तपासता येते. आपण तेच तर चार महिने करत आहोत. झऱ्याच्या खेपा मोजल्या. आता नऊ खेपा खालच्या विहिरीच्या मोजा. विहीर खुली असेल तर नऊच्या नऊ कळश्या भरून येतील. एक जरी रिकामी परत आली तरी साहेबांचे पत्र खोटे ठरेल, आणि त्याला कोणताही तक्ता लागणार नाही.

जावे की नाही, हे मी येथून सांगणार नाही. मला येथे फक्त प्रवासी मोजायचे आहेत. ज्यांना कळशी उचलायची आहे त्यांनी ठरवावे. साहेबांचे पत्र मात्र बरोबर न्या.

मंजुळा

&nbsp;

वरची वाडी,
२ जून १९८३

चि. मंजुळास आशीर्वाद.

तुझी बढती झाली हे वाचून सगळ्या वाडीला आनंद झाला. थेट रायगडावर! मामीनं शेजारी गूळ वाटला.

आता इकडचं ऐक. तुझं पत्र मी पिंपळाखाली मोठ्यानं वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हैबती स्वतः वाडीवर हजर. वीस वर्षांत पयल्यांदा. मी खुर्ची दिली, बसला. आधी आंब्याच्या गोष्टी, मग हळूच म्हणाला,

"श्रीपत, ऐकलं ते खरं काय रे? बाया खाली येणार म्हणं?"

मी म्हटलं, "साहेबाचाच कागद हाय. खुली हाय म्हणतो."

"खुली हाय ना! कोण नाय म्हणतो? पण एवढा चढउतार, बायांचे पाय दुखतील."

आतून मामी आली. "सत्तर मिनिटं चालतात तेव्हा नाय दुखले, अकरा मिनिटांत दुखतील काय?"

हैबती म्हणाला, "वहिनी, भांडण नको. मी काय म्हणतो, तुमची तुम्हाला वेगळी विहीर मीच आणून देतो. आजच अर्ज करतो. वाडी वेगळी, गाव वेगळं, गावाच्या सरासरीत धरू नका, असं लिहितो. मग तर झालं? उगा कुणाचं मन दुखायला नको."

मामी म्हणाली, "विहीर द्या. पण ती खणून पाणी लागंस्तवर आम्ही काय पिऊ? तुमचं मन?"

मंजुळे, त्यानं खरंच अर्ज केला आणि तीन दिवसांत साहेबाचा कागद आला, "वाडी हा स्वतंत्र घटक धरण्यास हरकत नाही." जे तुझ्या टिपणीनं पटलं नाय ते हैबतीच्या अर्जानं पटलं. पुढच्या साली विहीर होईल म्हणतात.

आणि काल सकाळी बनू खाली गेली. आम्ही कुणी सांगितलं नव्हतं. कळशी उचलली, साहेबाचा कागद कमरंला खोचला आणि वळली ती झऱ्याकडं नाय, खाली. मामी दारातच होती. माझ्याकडं बघून फक्त म्हणाली, "गेली." मी घड्याळ बघितलं. सात वाजून दहा.

पुढचं बनूनं मागनं सांगितलं ते. विहिरीवर सहासात बाया होत्या. गावठाणातली ठमाबाई रहाटापाशी होती. म्हणाली, "ठेव कळशी खाली, मी वरून ओतते." बनू म्हणाली, "नको. कागदात ओतायचं लिहिलं नाय." ठमाबाईनं कागदाकडं बघितलं, तिलाही वाचता येत नाय. बाजूला झाली. बाकीच्यांनी आपापल्या कळश्या उचलल्या आणि चालत्या झाल्या. बनूनं स्वतःच्या हातानं रहाट ओढला.

"आली." सात एक्केचाळीस. एकतीस मिनिटं.

पण रात्री हैबतीचा निरोप आला. एकीनं जाऊन दाखवलंत, तुमचा मान राहिला. आता पुरे करा, नायतर अर्ज मागं घेतो. बाया घाबरल्या. जानकीबाई म्हणते, विहीर हातात आलीय, ती कशाला घालवायची? मलाही कळत नाय. तू शिकलेली. एक खेप झाली, ती पुरंल काय?

श्रीपतमामा

&nbsp;

हिरकणीवाडी,
५ जून १९८३

ती. मामांस,
सप्रेम जयभीम.

बढती नाही. पण त्यावर कागद खर्च करत नाही.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर: नाही पुरत. एका खेपेवरून काहीही सिद्ध होत नाही. ती योगायोगही असू शकते. उद्या गाव म्हणेल की एक आली होती, वाट चुकून. आकडे किती विखुरतात हे पाहायलाही निदान दोन लागतात. आपले ठरले होते नऊ. आठ बाकी आहेत.

हैबतींच्या निरोपाविषयी. अर्ज मागे घ्यायचा तर त्यांना उलटे लिहून द्यावे लागेल की वाडी गावातच आहे, वेगळी नाही, आणि विहीर एकच आहे. ते तसे लिहिणार नाहीत. अर्ज जिथे आहे तिथेच राहील. हे मी अंदाजाने सांगते आहे, पण या अंदाजात चूक होण्याची शक्यता मला शंभरात पाचहून बरीच कमी वाटते.

जानकीबाईंना भीती वाटते यात गैर काही नाही. मलाही वाटते. टिपणी दिली तेव्हाही वाटली होती.

मी रविवारी पहिल्या गाडीने येते. महाडला गाडी बदलून पोलादपूर, तिथून चालत, दहापर्यंत पोचेन. तेव्हा खालच्या विहिरीवर जाऊ. माझी खेप मोजू नये, वहीत लिहू नये. मी त्या वाडीची नाही, नमुन्यात बसत नाही. आठ ज्या काय जातील त्या वाडीतल्याच हव्यात.

माझ्यासाठी एक कळशी मात्र काढून ठेवा.

मंजुळा